पहिल्यांदाच ग्रुप क्लासला जायचंय (स्टेप एरोबिक्स, बडोदा). पहिल्या दिवशी काय सांभाळू?

मांजलपूरकर_४६

नमस्कार. वय ४६, वजन ७१ किलो, उंची ५ फूट २ इंच. काम बँकेत, दिवसभर बसून. रोज अर्धा तास चालते, पण संथ. बीपीची एक गोळी सकाळी चालू आहे, बीपी १३०/८४ च्या आसपास असतं. उजवा गुडघा जिना उतरताना पुढच्या बाजूने दुखतो, चढताना नाही. सूज नाही, गुडघा अडकत नाही.

घराजवळ सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी ६.४५ ते ७.३५ असा स्टेप एरोबिक्सचा (गाण्याच्या ठेक्यावर बुटक्या पाटावर, म्हणजे स्टेपवर, चढ-उतर) क्लास आहे. हॉलची फरशी कोटा स्टोनची, बॅचला २०-२२ जणी. बोर्डावर "ऑल लेव्हल्स" असं लिहिलंय. ग्रुपमध्ये व्यायाम कधीच केलेला नाही. विचारायचं हे:

गुडघ्याला स्टेप चालेल का? रनिंगचे बूट आहेत, तेच पुरेत का? एवढ्या सकाळी काय खाऊन जायचं? सगळ्यांबरोबर पावलं जमली नाहीत तर मध्येच थांबलेलं चालतं का? आणि तीन महिन्यांची फी एकदम भरली तर सवलत आहे म्हणतात, ती घ्यावी का?

आठ_काउंट

ताई, स्टेपचे वर्ग घेते म्हणून क्लासच्या बाजूचं मी सांगते. गुडघ्याचं इथले फिजिओ सांगतीलच.

पहिल्या क्लासकडून एवढंच मागा, की गाण्याचा ठेका कळावा आणि स्टेपवर पाय कुठे पडतो ते कळावं. घाम, दम, वजन हे तिसऱ्या-चौथ्या क्लासपासून आपोआप सुरू होतं. पहिल्याच दिवशी शेजारणीच्या बरोबरीने ५० मिनिटं पूर्ण करणाऱ्या बायका बुधवारी येत नाहीत, कारण मंगळवारी त्यांना खुर्चीतून उठवत नसतं.

ठेक्याचं आधी समजून घ्या, बाकी सगळं त्यावर उभं आहे. क्लासचं संगीत आठ-आठच्या हिशेबात असतं. केरव्याच्या आठ मात्रा माहीत असतील तर तेच. असे चार आठ मिळून बत्तीसचा एक तुकडा होतो आणि हालचालींचा एक संच बहुधा त्या बत्तीसात बसवलेला असतो. शाळेत लेझीम केलं असेल तर अंगाला हा हिशेब ठाऊक आहे, फक्त इथे आकडे इंग्रजीत आणि उलटे मोजतात. ट्रेनर "फोर, थ्री, टू, नी-अप" म्हणते तेव्हा नी-अप (गुडघा वर उचलणं) त्या क्षणी करायचा नसतो. चालू हालचालीचे शेवटचे चार काउंट ती मोजत असते आणि नवी हालचाल पुढच्या "एक"वर, म्हणजे समेवर सुरू होते. नवख्या बायका शब्द कानावर पडताच पाय उचलतात, दोन काउंट पुढे जातात आणि मग पाय उलटसुलट पडतात. त्यात शरीराचा काही दोष नाही, सूचना कशी दिली जाते ते कोणी सांगितलेलं नसतं एवढंच.

पावलं चुकली की स्टेपच्या मागे, जमिनीवर, कदमताल (जागच्या जागी पावलं टाकणं) सुरू ठेवा. हात कमरेवर. ट्रेनरच्या पायांकडेच बघा, तिच्या हातांकडे अजिबात नको. पुढचा "एक" आला की आत शिरा. एका क्लासमध्ये असं दहा वेळा करावं लागलं तरी चालतं. एकदम खिळल्यासारखं उभं राहू नका, कारण मागची बाई ठेक्यात पुढे येत असते आणि धडक होते.

मूळ पाऊल एकच आहे, बेसिक स्टेप: उजवा वर, डावा वर, उजवा खाली, डावा खाली. चार काउंट. बाकीची, व्ही-स्टेप (पाय फाकवून वर), टॅप (पाय नुसता टेकवून उचलणं), नी-अप, ओव्हर (स्टेपवरून पलीकडच्या बाजूला जाणं), ही त्याचीच रूपं. तीन दिवस आधीपासून घरी पाच-पाच मिनिटं करून बघा, पण जिन्याच्या पायरीवर नको. घरातली पायरी सहा-सात इंच असते आणि क्लासची सगळ्यात खालची स्टेप चार इंच. फरशीवर रंगीत चिकटपट्टीची एक रेघ मारा, रेघेच्या पलीकडे म्हणजे वर आणि अलीकडे म्हणजे खाली. मिनिटाला १२० ते १२८ ठोक्यांचं गाणं लावा, म्हणजे सेकंदाला साधारण दोन पावलं. सुरुवातीला हा वेग बेतशीर वाटेल, वळणं आली की जोरात वाटेल. आठ वेळा उजव्याने सुरुवात, मग एक टॅप देऊन आठ वेळा डाव्याने.

आपल्याकडे आणखी एक अडचण येते. ट्रेनर गुजराती, हिंदी, इंग्रजी मिसळून बोलते: "जमणो पग उपर, लेफ्ट नीचे". घाईत जमणो-डाबोचा गोंधळ होतो. ज्या हाताने जेवतो तो जमणो, एवढं पक्कं ठेवा. शिवाय ट्रेनर तुमच्याकडे तोंड करून उभी असेल तर ती बहुधा आरशासारखं करते, म्हणजे "राइट" म्हणून स्वतःचा डावा पाय उचलते. ती पाठ करून उभी असेल तर तिची आणि तुमची बाजू एकच. क्लास सुरू होण्याआधी हे विचारून घ्या.

उभं राहायला दुसऱ्या रांगेतली भिंतीकडची जागा बघा. पुढे जमणारी कोणी असते, आरसा दिसतो, आणि थांबायचं झालं तर बाजूला सरकता येतं. दोन्ही हात आडवे पसरले तर कोणाला लागू नयेत एवढी जागा सोडा. स्पीकरच्या समोर नको. हातभर अंतरावरच्या बाईशी ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज कानाला जास्त आहे, तेव्हा लांब उभ्या राहा किंवा ट्रेनरला सांगा.

६.३० ला पोहोचा आणि ट्रेनरला तीन गोष्टी सांगा: पहिल्यांदाच येतेय, उजवा गुडघा उतरताना दुखतो, बीपीची गोळी चालू आहे. ऐकून ती स्टेपची उंची स्वतः बघायला आली आणि कोणत्या हालचालीला पर्याय करायचा ते सांगितलं, तर क्लास बरा आहे. "काही होत नाही, सगळ्या करतात" असं उत्तर मिळालं तर दुसरा क्लास शोधा.

जोर किती लावायचा? एक ते दहाच्या मापात पाचावर राहा. ओळखायची खूण सोपी आहे. "आज सोमवार, उद्या मंगळवार, परवा बुधवार" हे चालू व्यायामात एका दमात म्हणता आलं पाहिजे. दोन शब्दांवर धाप लागत असेल तर या क्रमाने कमी करा: आधी हात खाली घ्या, कारण हात डोक्याच्या वर गेले की हृदयाचे ठोके चांगलेच वाढतात. तेवढ्याने भागलं नाही तर स्टेप सोडून तेच पाऊल जमिनीवर. तरीही नाही तर कदमताल.

पहिल्या दिवशी वॉर्मअप धरून २५ मिनिटं करा. मग बाजूला जाऊन तीन-चार मिनिटं सावकाश कदमताल, आणि शेवटचं स्ट्रेचिंग सगळ्यांबरोबर. एकदम थांबून बसायचं नाही. पायांत उतरलेलं रक्त परत वर ढकलायचं काम पोटऱ्या करत असतात, त्या थांबल्या की घेरी येते. बीपीची गोळी घेणाऱ्यांना तर जास्तच. दुसऱ्या आठवड्यात ३५ मिनिटं, तिसऱ्यात पूर्ण क्लास. पहिला आठवडा सोमवार आणि शुक्रवार एवढेच करा. अंग आंबतं ते त्याच दिवशी फारसं कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त कळतं, आणि बुधवार नेमका त्यात येतो.

रावपुरा_रस्ता

आठ_काउंट यांनी काउंटबद्दल लिहिलंय त्याला जोडून. कवायतीच्या आज्ञेचे दोन भाग असतात: पहिला सावध करणारा, दुसरा कृतीचा. "दाहिने" ऐकून कोणी वळत नाही, "मुड"वर वळतात. एरोबिक्सची ट्रेनर तेच करते. आपल्या बडोद्याला तर हे नवं नाही, जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या प्रा. माणिकरावांनी सांघिक व्यायामाला देशी आज्ञा बसवून दिल्या आणि शेकडो मुलं एका हुकमावर हलायची ती त्या शिस्तीने. "सावध" आणि "कृती" हे दोन तुकडे कानाने वेगळे ऐकायची सवय लागली की अर्धा गोंधळ संपतो.

एका बाबतीत मत वेगळं आहे. दुसऱ्या रांगेत सगळ्यांच्या नजरेसमोर उभं राहायला पहिल्या दिवशी अवघड वाटतं. शेवटची रांग का नको?

आठ_काउंट

शेवटच्या रांगेतून ट्रेनरचे पाय दिसत नाहीत, आणि पायच बघायचे आहेत. दुसरं म्हणजे ओव्हर किंवा अराउंड (स्टेपभोवती फिरणं) घेतलं की अख्खा वर्ग पाठीकडे वळतो. त्या क्षणी शेवटची रांग पहिली होते आणि समोर बघायला कोणीच राहत नाही. अवघड वाटत असेल तर तिसऱ्या रांगेतलं टोक घ्या, शेवटचं नको.

घोटा_ते_गुडघा

फिजिओथेरपीत काम करतो. ताईंच्या गुडघ्याचं वर्णन (उतरताना, पुढून, सूज नाही) हे बहुतेक वाटीच्या मागच्या भागाचं दुखणं असावं. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय नक्की म्हणता येत नाही, पण अशा गुडघ्याला स्टेप बंद नसते, उंची आणि उतरण्याची पद्धत सांभाळावी लागते. स्टेप एरोबिक्सचा उगमच गुडघ्याच्या दुखापतीत आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेत जिन मिलर या प्रशिक्षिकेने स्वतःचा दुखावलेला गुडघा बळकट करताना पायरीवर चढ-उतर केली आणि त्यातून हा प्रकार उभा राहिला.

उंची चार इंचच. खाली जोडायचे ठोकळे दोन-दोन इंचांचे असतात, शेजारणीकडे दोन जोड लावलेले दिसले तरी तिकडे बघू नका. पूर्ण पाय वर ठेवल्यावर गुडघा काटकोनापेक्षा जास्त वाकता कामा नये, दुखऱ्या गुडघ्यासाठी त्याहून बराच कमी. चार इंचावरही उतरताना दुखलं तर दोन आठवडे स्टेप बाजूला ठेवून सगळं जमिनीवर करा. ठेका तोच, पावलं तीच.

चढताना संपूर्ण पाऊल स्टेपवर, टाच आत. टाच बाहेर लोंबकळत राहिली की पोटरी आणि टाचेमागची शीर ताणली जाते, आणि थकल्यावर तोच पाय सटकतो. उतरताना स्टेपपासून एका पावलाच्या आतच उतरा. आधी चवडा, मग टाच पूर्ण टेकवा. बहुतेक जणी घाईत लांब मागे उडी टाकल्यासारखं उतरतात आणि टाच टेकवतच नाहीत. मग आठवड्याभरात पोटऱ्यांत गोळे येतात आणि नडग्या दुखायला लागतात. खरी चूक असते उतरण्याच्या अंतरात, पण दोष "व्यायाम झेपत नाही" म्हणून वयाला दिला जातो. स्टेपच्या पुढच्या बाजूला, म्हणजे चढलात त्याच दिशेने पुढे, कधीच उतरायचं नाही. आणि पाय रोवलेला असताना त्यावर अंग फिरवायचं नाही. आधी पाय उचला, मग वळा.

एकाच पायाने सुरुवात एका मिनिटाहून जास्त वेळ होऊ देऊ नका. ट्रेनर बाजू बदलायला विसरली तर तुम्ही मध्ये एक टॅप घालून स्वतः बदला. एकाच पायावर सलग नी-अप पाचपेक्षा जास्त नको.

दुखण्याचं माप असं धरा: दहापैकी तीनपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पहिल्यासारखं झालं तर चालू ठेवा. चारच्या वर गेलं, सूज आली, किंवा दुसऱ्या दिवशी जिना आणखी जड गेला तर पुढच्या क्लासला स्टेप काढून टाका. गुडघा अडकला किंवा एकदम लुळा पडल्यासारखा झाला तर क्लास थांबवून दाखवून घ्या.

क्लास नसेल त्या दिवशी हे दोन व्यायाम करा, ते गुडघ्याला सगळ्यात जास्त उपयोगी पडतील. खुर्चीतून हात न टेकता उठा आणि तीन मोजत सावकाश बसा, १० वेळा, दोन फेऱ्या. आणि कुशीवर झोपून वरचा पाय सरळ ठेवून फूटभर उचला, प्रत्येक बाजूला १२ वेळा. कमरेच्या बाजूचे स्नायू कमजोर असले की उतरताना गुडघा आत झुकतो आणि वाटी घासते.

आता बूट. रनिंगचा बूट सरळ पुढे धावण्यासाठी केलेला असतो, टाच जाड, उंच आणि मऊ. स्टेपमध्ये आडवी पावलं पडतात, तेव्हा त्या जाड टाचेच्या कडेवरून घोटा बाहेर मुरगळतो. ट्रेनिंगचे, म्हणजे क्रॉस-ट्रेनर प्रकारचे बूट घ्या. घेताना तीन गोष्टी हाताने बघा. टाचेची मागची वाटी अंगठ्याने दाबा, ती दबता कामा नये. बूट दोन्ही टोकांना धरून टॉवेलसारखा पिळा, थोडा पिळला जावा पण दोरीसारखा नको. पुढून वाकवा, तो चवड्याच्या जागी वाकला पाहिजे, मध्यातून घडी पडली तर परत ठेवा. खरेदी संध्याकाळी करा, पाय तेव्हा थोडे फुगलेले असतात, आणि पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा सोडा. बॅडमिंटनचे बूट पहिल्या दोन-चार क्लासना चालतील. त्यांचा तळ मात्र फरशी घट्ट धरतो, म्हणून वळताना पाय उचलायचं विसरू नका.

जोडवी घालत असाल तर क्लासपुरती काढा. बंद बुटात बोट सुजतं, जोडव्याची कड शेजारच्या बोटाला कापते आणि मग ते निघतही नाही. काढायची नसतील किंवा निघत नसतील तर वरून मायक्रोपोर पट्टीचे दोन वेढे. काचेच्या बांगड्या नकोतच. लांब मंगळसूत्र कुडत्याच्या आत टाकून वरून पिन, नाहीतर नी-अपला ते तोंडावर येतं. ओढणी नको, आणि पॅन्टचा घेर घोट्याच्या वर असावा, कारण सैल सलवारीचा काठ दुसऱ्या पायाखाली येतो. अंगाला घट्ट बसणारी स्पोर्ट्स ब्रा हवीच.

कोटा स्टोनवर दोन गोष्टी. एक, उड्या मारू नका, ती फरशी धक्का जराही शोषत नाही. जंपिंग जॅकच्या (हात-पाय फाकवून मारायच्या उडीच्या) जागी एक-एक पाय बाजूला टेकवा. काही जणी धक्का वाचवायला योगाची मॅट अंथरून तिच्यावर उड्या मारतात. मॅट सरकते, तिची कड दुमडते आणि बुटाचा तळ तिला चिकटून घोटा फिरतो. मॅट फक्त झोपून करायच्या व्यायामाला. दुसरं, पावसाळ्यात क्लासचे बूट पिशवीतून न्या आणि हॉलपर्यंत चपला घाला. ओला तळ आणि गुळगुळीत कोटा मिळून पाय जागच्या जागी सटकतो, तोही बहुतेक वॉर्मअपमध्येच.

कारेलीबाग_सकाळ

याच धाग्यात विचारते. घरात सासरे आहेत, वय ६३, मधुमेह. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी नाश्त्याआधी घेतात. त्यांनाही ज्येष्ठांच्या ग्रुप व्यायामाला पाठवायचं आहे, सकाळी ७ ते ७.४५. उपाशीपोटी पाठवू का? आणि मांजलपूरकर ताईंच्या खाण्याच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय.

गोळी_वेळेवर

फार्मसीतला माणूस आहे, औषधांपुरतं लिहितो.

ताईंचं आधी. ६.४५ च्या क्लासला ६ वाजता अर्धं केळं किंवा दोन खजूर आणि ग्लासभर पाणी. चहा चालतो. भरपेट काही असेल तर दोन-तीन तास आधी, म्हणजे सकाळी नकोच. क्लासमध्ये दर १५ मिनिटांनी दोन-चार घोट साधं पाणी. ५० मिनिटांसाठी विकतचं एनर्जी ड्रिंक लागत नाही. मे महिन्यात, बडोद्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा, आणि ऑगस्टच्या दमटात कपडे पिळून निघत असतील तर घरी आल्यावर लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घ्या, बीपीमुळे मीठ चिमूटभरच. क्लासनंतर तासाभरात नाश्ता, त्यात मोड आलेली कडधान्यं, अंडं, दही असं काही प्रथिनांचं असावं. शेव-उसळ रविवारी.

बीपीच्या गोळीचं नाव बघा. नावाच्या शेवटी "लोल" असेल (मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल) तर ती हृदयाचे ठोके फारसे वाढू देत नाही. घड्याळावर ठोके १०५ दिसतात, आपण म्हणतो अजून जोर लावू, आणि शरीर केव्हाच दमलेलं असतं. अशा वेळी घड्याळ बाजूला ठेवून वर सांगितलेली बोलण्याची कसोटी वापरा. गोळीत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असेल, जसं नावामागे एच किंवा एचसीटी, तर उन्हाळ्यात पाणी लवकर कमी होतं आणि स्ट्रेचिंगनंतर जमिनीवरून एकदम उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी कुशीवर, मग गुडघ्यावर, मग उभं. बसल्या जागी बीपी १८०/११० च्या वर असेल तर त्या दिवशी व्यायाम नाही, डॉक्टर. वजन उचलताना किंवा प्लँक (कोपर आणि चवड्यांवर अंग तोलून धरणं) करताना श्वास रोखू नका, मोठ्याने काउंट मोजलं की श्वास आपोआप चालू राहतो.

सासऱ्यांचं: नुसतं मेटफॉर्मिन असतं तर साखर एकदम खाली जाण्याची शक्यता फार कमी. ग्लिमेपिराइड मात्र पोटात अन्न असो-नसो इन्सुलिन सोडायला लावतं, म्हणून त्यांना उपाशी पाठवू नका. क्लासच्या दिवशी गोळी आणि नाश्ता कसा लावायचा हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. हा प्रश्न त्यांना नेहमीचा आहे, दोन मिनिटांत उत्तर देतात. निघण्यापूर्वी ग्लुकोमीटरवर १०० च्या खाली आलं तर आधी १५ ग्रॅम कार्बोहायड्रेट, म्हणजे एक मध्यम फळ किंवा तीन-चार मारी बिस्किटं, आणि १५ मिनिटांनी पुन्हा बघायचं. २५० च्या वर असेल आणि बरं वाटत नसेल तर त्या दिवशी सुट्टी. खिशात साखरेची पुडी असावीच. हात थरथरणं, गार घाम, एकदम भूक, बोलताना गोंधळ यातलं काही झालं तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच. व्यायामाच्या घामाने अंग तापलेलं असतं, साखर उतरल्याचा घाम गार लागतो. शेजारच्या एका माणसाला हे सांगून ठेवा, कारण साखर खाली गेली की कित्येकदा त्या माणसाला स्वतःला उमगत नाही. साखर कित्येकदा दुपारी किंवा रात्रीही उतरते, म्हणून क्लासच्या दिवशी जेवण चुकवू नये. आणि परत आल्यावर तळपाय उजेडात बघायचे. मधुमेहात पायाची जाणीव कमी झाली असेल तर बुटाचा फोड दुखत नाही.

दोघांसाठीही: छातीवर दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, काही कारण नसताना मळमळ आणि घाम असं झालं तर क्लास थांबवून १०८. "गॅस असेल" म्हणून स्ट्रेचिंग पूर्ण करत बसू नका.

मांजलपूरकर_४६

सगळ्यांचे मनापासून आभार. गोळी टेल्मिसार्टन आहे, "लोल" नाही, नावामागे एचही नाही. घरी रेघ मारून सुरू केलं, बेसिक जमतंय, ठेका १२० वर ठेवलाय.

एक गोष्ट विचारायला संकोच वाटतो, पण इथे विचारलेलं बरं. शिंकताना किंवा जोरात पाऊल टाकताना कधीकधी थेंबभर लघवी होते. क्लासमध्ये उड्या असतील तर काय करायचं? आणि फीचं कोणी सांगितलं नाही.

घोटा_ते_गुडघा

संकोच नको ताई, बाळंतपणं झालेल्या आणि चाळिशी ओलांडलेल्या कितीतरी बायकांना हे होतं आणि बहुतेकींना व्यायामाने कमी होतं. विचारत नाहीत म्हणून त्या क्लासच सोडून देतात, तेवढं होऊ देऊ नका.

ओटीपोटाच्या तळाला स्नायूंची झोळी असते, ती सैल झालेली असते. लघवी आणि वारा दोन्ही एकदम रोखून धरल्यासारखं आत-वर ओढायचं, सहा ते आठ सेकंद धरायचं, तेवढाच वेळ पूर्ण सोडायचं. असं ८ ते १० वेळा, दिवसातून तीनदा. पोट, मांड्या, नितंब आवळायचे नाहीत, श्वास चालू. फरक पडायला तीन महिने लागतात, पंधरा दिवसांत सोडू नका. हा व्यायाम लघवी करताना धार रोखून करू नये, त्याने मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

क्लासमध्ये उडीच्या, शिंकेच्या किंवा वजन उचलायच्या क्षणाआधी तीच झोळी वर ओढून धरायची. सुरुवातीचे तीन महिने एक पाय कायम जमिनीवर असेल अशाच हालचाली, म्हणजे लो-इम्पॅक्ट. ट्रेनरला "उड्या नको, गुडघा" एवढं सांगितलं तरी पुरतं, वेगळं कारण द्यायची गरज नाही. जाण्यापूर्वी एकदा लघवीला जाऊन या, पातळ पॅड लावा, गडद रंगाची पॅन्ट घाला. भीतीने पाणी पिणं बंद करू नका, घट्ट लघवीने उलट मूत्राशय जास्त चिडतं. जडपणा वाटत असेल किंवा काही खाली उतरल्यासारखं वाटत असेल तर मात्र स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

आणि एक, हे सगळ्यांसाठी. अंग आंबलं तर चालत राहा, कोमट पाण्याने आंघोळ, तीन-चार दिवसांत जातं. पण मांड्या टणक सुजल्या, हालवता येईनात आणि लघवी कोलासारखी गडद झाली तर त्याच दिवशी दवाखान्यात. पहिल्याच क्लासला शंभर-दीडशे उठाबशा करायला लावल्या की स्नायू तुटून किडनीवर ताण येतो, तो धोका खरा आहे.

आठ_काउंट

फी: तीन महिन्यांची आत्ता भरू नका. एक ट्रायल आणि मग महिन्याची, महाग पडली तरी. भरण्यापूर्वी विचारा: ट्रेनर बदलली तर काय, आजारपणात दिवस पुढे टाकता येतात का, नवरात्रात आणि दिवाळीत किती सुट्ट्या, प्राथमिक उपचार आणि सीपीआर कोणाला येतं. बॅचला २२ जणी आणि ट्रेनर एक, हे मला जास्त वाटतं. निदान पहिले दोन आठवडे ती तुमच्या पायांकडे येऊन बघते का, यावरून पुढचं ठरवा. "ऑल लेव्हल्स"चा अर्थ एवढाच की प्रत्येक हालचालीचा सोपा पर्याय दाखवला गेला पाहिजे. नुसतं बोर्डावर लिहून तसं होत नाही.

मांजलपूरकर_४६

सोमवारी जातेय. तिथल्या स्टेप्स प्लॅस्टिकच्या आहेत, थोड्या जुन्या दिसतात. उचलून घेताना काही बघायचं असतं का?

आठ_काउंट

हो. उलटी करून बघा, खाली प्रत्येक कोपऱ्याला रबराची गोल टोपी असते. एक जरी गळालेली असेल तर ती स्टेप घेऊ नका, कोट्यावर त्या बाजूने सरकते. ठोकळे जोडलेले असतील तर खाचेत बसल्याचा आवाज येईपर्यंत दाबा, किंवा काढूनच टाका, तुम्हाला ते नकोच आहेत. वरचा रबरी थर कोरड्या फडक्याने पुसा, आधीच्या बॅचचा घाम त्यावर असतो आणि पाय तिथेच घसरतो. मग जागेवर ठेवून दोन्ही हातांनी चारही कोपरे एकेक करून अंगाचं वजन टाकून दाबा. डुगडुगली तर फूटभर सरकवून पुन्हा दाबा, कधीकधी फरशीच्या सांध्यावर आलेली असते. तरीही डुगडुगली तर बदलून घ्या. ६.३० ला पोहोचायचं ते यासाठीही, उशिरा येणाऱ्यांच्या वाट्याला टोप्या गळालेल्या स्टेप्सच उरतात.